रोज ध्यान करूनही एका वाक्याने दिवस का बिघडतो?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय त्याचा सारांश असा. गेले पाचेक महिने त्या रोज सकाळी अॅप लावून वीस मिनिटं ध्यान करतात. तेवढा वेळ छान शांत वाटतं. पण ऑफिसात वरिष्ठांनी चारचौघांत एखादं वाक्य टाकलं की दिवसभर जिवाला चैन नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तेच वाक्य पुन्हा कानात, आणि वर ‘इतकं ध्यान करूनही मी अशीच’ ही खंत. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ध्यानाची वेळ वाढवू का, पद्धत बदलू का, की हे माझ्यासारखीसाठी नाहीच?

मी समुपदेशक आहे आणि बरीच वर्षं माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचे, आठ आठवड्यांचे गट घेतो. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत जवळपास प्रत्येक गटात येतो, बहुधा सुरुवातीचा उत्साह ओसरला की. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट सुटा करू. तुमच्या लिहिण्यात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्यात. एक, ‘मला लागतं’. दुसरी, ‘लागल्यावर सावरायला फार वेळ जातो’. पहिलीवर माझ्याकडे इलाज नाही, आणि असता तरी दिला नसता. चारचौघांत कुणी टोकलं तर लागणारच. ज्यांना काहीच लागत नाही अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना कणखर म्हणायला मी धजत नाही, त्यातली बरीचशी सुन्न झालेली असतात. दुसऱ्या तक्रारीवर मात्र पुष्कळ काम करता येतं. त्यासाठी आधी मोजपट्टी बदला. ‘आज मी किती शांत होते’ हे मोजू नका. ‘बिघडलंय हे माझ्या लक्षात कधी आलं, आणि हातातल्या कामाकडे मी परत कधी वळले’ एवढंच बघा. सकाळी अकराला ऐकलेलं वाक्य पूर्वी दोन दिवस पुरायचं आणि आता त्याच रात्रीपर्यंत पुरत असेल, तर काहीतरी हललंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं झालंही असेल. तुम्ही तिकडे पाहिलेलंच नाही.

पुढचं सगळं मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे. ते वरिष्ठ सगळ्यांशीच फटकळ आहेत की तुम्हालाच धारेवर धरतात? अधूनमधून होतं की रोजचंच झालंय? तुमची झोप किती होते? घरी आधीच एखादं मोठं ओझं आहे का? पूर्वी कधी कुणी सातत्याने अपमान केलेला आहे का, ज्यामुळे आजचं छोटं वाक्यही जुन्या जखमेवर बसतं? रोज पाणउतारा होत असेल, तर तो तुमच्या मनाचा दोष मानून श्वासावर लक्ष देत बसणं ही स्वतःची फसवणूक ठरेल. तिथे लेखी तक्रार, बदली, दुसरी नोकरी, जे शक्य असेल ते करायला हवं. सहन करण्याची ताकद वाढवून देण्यासाठी ध्यान वापरायला मी कुणाला सांगत नाही. काही कंपन्या कर्मचाऱ्यांवर कामाचा डोंगर टाकून वर ध्यानाचं अॅप फुकट देतात, त्याची मला चीडच येते.

तुमची परिस्थिती तशी नाही, वरिष्ठ फटकळ आहेत पण दुष्ट नाहीत, असं धरून पुढे लिहितो.

ध्यानाला बसल्यावर नेमका सराव कशाचा होतो, हे लक्षात आलं की बराच उलगडा होतो. बहुतेकांना वाटतं की मन श्वासावर टिकून राहिलं तो वेळ कमाईचा आणि भरकटलं तो वेळ फुकट. माझा अनुभव उलटा आहे. मन भरकटतं, मग कुठल्यातरी क्षणी ‘अरे, मी भलतीकडेच होते’ हे ध्यानात येतं, आणि तुम्ही स्वतःवर न खेकसता परत येता. सगळा सराव त्या क्षणाचा आहे. ऑफिसातल्या वाक्यानंतर तुम्हाला जे हवं असतं ते हेच, वाहवत गेल्याचं लवकर लक्षात येणं.

आता अॅपची गंमत बघा. त्यातला आवाज दर थोड्या वेळाने म्हणतो, ‘मन दुसरीकडे गेलं असेल तर हळूच परत आणा.’ म्हणजे लक्षात यायचं काम तो आवाज करतो आणि तुम्ही फक्त परत येता. सुरुवातीला हा आधार हवाच. पण पाच महिन्यांनीही तोच आधार असेल, तर ज्या गोष्टीचा सराव व्हायला हवा तीच तुम्ही दुसऱ्यावर सोपवलेली आहे. मीटिंगमध्ये तो आवाज नसतो. त्यामुळे वेळ वाढवू नका. आहेत त्या वीस मिनिटांतली पहिली पाच आवाजासोबत आणि उरलेली मुकाट्याने करा. शांत कमी वाटेल. मन चार पट भरकटल्यासारखं वाटेल. ते पूर्वीही तेवढंच भरकटत होतं, आवाजाखाली झाकलेलं होतं इतकंच.

मन भरकटतं म्हणजे तुमचं काही बिघडलंय असंही नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी 2010 मध्ये 2250 प्रौढांना दिवसभरात मधूनच फोनवरून विचारलं, की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. माझ्या दृष्टीने त्यातला खरा ऐवज पुढचा आहे: मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते, आणि सुखद विचारांकडे भटकलेलं मनही हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त आनंदी नव्हतं.

दुसरी अडचण जागेची आहे. तुम्ही सराव करता तो बंद खोलीत, डोळे मिटून, कुणी काही मागत नसताना. वापरायची वेळ येते ती डोळे उघडे, समोर माणसं, उत्तर द्यायची घाई अशी. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही हे खरं, पण कोरड्या काठावर हात मारूनही शिकता येत नाही. मधलं, गुडघाभर पाण्यातलं काहीतरी लागतं. त्याकडे येतोच, आधी तो प्रसंग जवळून पाहू.

समजा, वरिष्ठ म्हणाले, ‘हे असं कसं पाठवलंत? एकदा बघायचं तरी.’ समोर चार जण. पहिल्या दोनतीन सेकंदांत जे होतं ते शरीरात होतं: जबडा आवळतो, कानाच्या पाळ्या गरम होतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, पोटात गोळा येतो. विचार अजून नीट सुरूही झालेला नसतो. इथे तुम्ही काही करू शकत नाही, करायचंही नाही. मग पहिला विचार येतो, ‘सगळ्यांसमोर बोलले.’ तोही आपसूक येतो. त्याला चिकटून तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे कहाणी. ‘मागच्या वेळीही असंच केलं, त्याला कधी बोलत नाहीत, हे सगळे आता मला काय समजत असतील, मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की…’ दिवस खाते ती ही कहाणी. ते वाक्य संपायला चार सेकंद लागले होते.

फट आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये, आणि ती अगदी बारीक आहे. तिथे मी तीन गोष्टी करायला सांगतो, सगळ्या मिळून एका श्वासात बसतील एवढ्या. पावलांचे तळवे जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या. श्वास सावकाश, लांब सोडा. आणि जे वाटतंय त्याला मनात एक नाव द्या, ‘अपमान वाटतोय’, ‘भीती वाटतेय’.

तळवे कशाला? कारण लक्ष डोक्यातल्या कहाणीवरून उचलून कुठेतरी ठेवावं लागतं, आणि ते छातीवर ठेवलं तर धडधड आणखी मोठी वाटते. तळवे लांब आहेत, तिथे सहसा काही नाट्य चाललेलं नसतं. लांब श्वास सोडण्यामागे शरीराचं साधं यंत्र आहे: श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला थोडा ब्रेक लागतो. खोल श्वास ‘घ्या’ असं जे सगळे सांगतात त्याने घाबरलेल्या माणसाला कधीकधी उलट गरगरतं. तुम्ही फक्त सोडण्याकडे बघा, घेणं आपोआप होईल. आणि नाव देण्याबद्दल म्हणाल, तर मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की रागावलेले किंवा घाबरलेले चेहरे बघताना त्या भावनेला शब्द दिला तर मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोका दिसला की चटकन जागा होणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावते. अट एकच, नाव एका-दोन शब्दांत संपलं पाहिजे. ‘मला अपमान वाटतोय कारण…’ यातल्या ‘कारण’पाशी कहाणी परत दार उघडून आत येते.

हे करून राग जाणार नाही. उत्तर देताना आवाज कापणार नाही याचीही हमी नाही. पण ‘बघते आणि तासाभरात दुरुस्त करून पाठवते’ एवढं वाक्य तोंडातून नीट निघेल, आणि खरं तर तेवढं पुरतं.

आता गुडघाभर पाणी. ही फट भर प्रसंगात पहिल्यांदाच शोधायला गेलात तर सापडणार नाही. ती आधी बिनमहत्त्वाच्या क्षणी सवयीची व्हायला हवी. दिवसातली एक जागा निवडा जिथे तुम्ही तसंही थांबता किंवा वळता: मीटिंगच्या खोलीच्या दाराचं हँडल, हात धुताना नळाखाली गेलेले हात, वाजणारा फोन. एकच जागा. तिथे तळवे, लांब श्वास, आणि ‘आत्ता काय वाटतंय’ याचं एका शब्दातलं उत्तर. बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ किंवा ‘घाई’ असेल. चालेल. मोठा प्रसंग नसताना केलेला सराव कंटाळवाणाच असतो, त्यामुळे लोक तो सोडतात आणि मग म्हणतात की ऐनवेळी आठवलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडिलांच्या आजारपणावरून त्यांचं आणि धाकट्या भावाचं बिनसलेलं. भावाचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला भांडण. त्यांनी फोनचीच जागा निवडली, पण भावाचा नाही, कुणाचाही. रिंग वाजली की लगेच उचलायचा नाही. दोन रिंग होईपर्यंत तळवे, श्वास, आणि हातात धरलेल्या फोनचं वजन. सुरुवातीला त्यांना हे पोरकट वाटलं, तसं ते म्हणालेही. नंतर एकदा येऊन सांगितलं की भावाचं नाव स्क्रीनवर दिसताच आपला अंगठा फोनवर किती घट्ट दाबला जातो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. बोलणं सुरू व्हायच्या आधीच ते भांडत होते. त्या दिवशी त्यांनी फोन उचलून ‘दहा मिनिटांत करतो’ म्हटलं आणि खरंच दहा मिनिटांनी केला. भावाशी मतभेद आजही आहेत. पण वडिलांच्या औषधांबद्दल दोघं सलग बोलू शकतात.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे, त्याला वेगळं हाताळावं लागतं. अंथरुणावर जे चालतं ते विचार करण्यासारखं दिसतं, म्हणून आपण त्याला अडवत नाही. वाटतं, मी प्रश्न सोडवतेय. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी या घोळत राहण्यावरच आयुष्यभर काम केलं आणि दाखवलं की त्याने खिन्नता लांबते, आणि प्रश्न सोडवण्याची क्षमता उलट कमी होते. ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: या विचारातून उद्या करायची एखादी कृती निघतेय का? निघत असेल तर उठून कागदावर एक ओळ लिहा, ‘उद्या सकाळी फाइल परत तपासून पाठवणे’, आणि संपवा. काहीच निघत नसेल, तर ते दळण आहे.

दळण थांबवायला जाऊ नका. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल येतच राहिलं, आणि मनाई उठल्यावर तर आणखी जास्त आलं. वरिष्ठांचं वाक्यही तसंच वागणार. त्याला येऊ द्या, ‘आलं’ एवढंच म्हणा, आणि लक्ष गादीला टेकलेल्या टाचांवर, पोटऱ्यांवर, पाठीवर आणा. पुन्हा येईल, पुन्हा आणा. झोप येण्याचं साधन म्हणून हे करू नका, नाहीतर ‘अजून झोप का नाही’ हे नवं दळण सुरू होतं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि पेंग आली की परत या. घड्याळ बघू नका, फोन तर नाहीच.

आणि ती ‘इतकं ध्यान करूनही मी अशीच’ ही खंत? तिच्याशी वाद घालू नका. तीही कहाणीचाच भाग आहे, फक्त तिच्यात वरिष्ठांची जागा तुम्ही घेतलेली आहे. तिलाही तसंच ‘आलं’ म्हणा.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी वेळ वाढवू नका, पद्धत थोडी बदला, हे सांगून झालं. उरला तिसरा: हे माझ्यासाठी आहे का? इथे जरा आकड्यांत शिरतो, कारण या विषयात एकीकडे जाहिराती आहेत आणि दुसरीकडे टिंगल.

आजच्या वैद्यकीय माइंडफुलनेसची सुरुवात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात केली, मुख्यतः जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी. मुळात बौद्ध परंपरेतली साधना त्यांनी आठ आठवड्यांच्या धर्मनिरपेक्ष कार्यक्रमात बसवली. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी ती नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून वापरली. त्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात, ज्यांना आधी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं अशांमध्ये ते उलटण्याचं प्रमाण 60 आठवड्यांत 66 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आलं. दोनच वेळा आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा फायदा होतो याचा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला, पण व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे असं काही आढळलं नाही. आणि 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 85 शाळांतल्या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्या मुलांना माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

यातून मी काय घेतो? हे उपयोगी साधन आहे, एकमेव नाही. तुम्हाला बसून राहणं मानवत नसेल आणि रोज भरभर चालल्याने मन हलकं होत असेल, तर चाला, निर्धास्तपणे. आणि माणसांना विसरू नका. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञांनी हवाईमधल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं यांतून वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश सक्षम, समाधानी प्रौढ झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एका तरी भरवशाच्या मोठ्या माणसाशी असलेलं घट्ट नातं. तुमच्या प्रश्नात मैत्रीण, बहीण, सहकारी, कुणाचाही उल्लेख नाही. त्या वाक्याबद्दल तुम्ही त्या संध्याकाळी कुणाशी बोललात का? नसाल, तर ध्यानाच्या आधी मी ते सांगेन. पाऊण तास तक्रार करायला नको, पाच मिनिटं ‘आज असं झालं, लागलं मला’ म्हणायला.

काही जणांनी मात्र हे एकट्याने करू नये. डोळे मिटले की जुने प्रसंग अंगावर येत असतील, धडधड वाढून दम कोंडत असेल, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटत असेल, तर ‘चिकाटी ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. थांबा, डोळे उघडे ठेवा, आजूबाजूचे आवाज ऐका, आणि आघातांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर आजच, आणि एकटं राहू नका. चालू औषधं ध्यानाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका. औषध आणि ध्यान एकत्र चालतात, माझ्याकडच्या कित्येकांचं चालतं.

शेवटी त्या वरिष्ठांबद्दल. हे सगळं करून तुमचं सावरणं लवकर व्हायला लागलं, की एक गोष्ट शक्य होते जी आज होत नाहीये: त्यांच्याशी बोलणं. त्याच दिवशी नको, चारचौघांत तर नकोच. दुसऱ्या दिवशी वेळ मागून घ्या आणि आरोप न करता, मागणी करून बोला: ‘कालच्या फाइलमधली चूक माझी होती. पण ती मला बाजूला घेऊन सांगितलीत तर मला लवकर सुधारता येईल.’ काहीजण ऐकतात, काही ऐकत नाहीत. कुठले निघतील हे बोलल्याशिवाय कळणार नाही, आणि पुढे त्याच जागी राहायचं की नाही हे ठरवायला ते कळायला लागेल.